चक्रीय ईथरांचे बारसे : एका नामपद्धतीची उलटतपासणी

कार्बनी संयुगांच्या नामकरणाचा तास शिक्षकाला सोपा आणि विद्यार्थ्याला कंटाळवाणा जातो. सर्वांत लांब साखळी शोधा, क्रमांक द्या, शाखा मोजा, क्रियात्मक गटाप्रमाणे उपसर्ग किंवा प्रत्यय लावा, की झाले. ईथरपर्यंत ही गाडी बरी चालते. डायमिथिल ईथर म्हणजे मिथॉक्सिमिथेन, डायएथिल ईथर म्हणजे एथॉक्सिएथेन, हे एकदा समजले की पुढची दहा नावे मुले स्वतःच तयार करतात. परंतु याच ईथरची दोन टोके एकमेकांना जोडून वलय केले, की सगळी शिस्त मोडते. पुस्तके बहुधा याच वळणावर धडा आवरता घेतात. मग पुढे कुठेतरी ग्रिन्यार अभिकर्मकाच्या विक्रियेत ‘इथिलीन ऑक्साइड’ अवचित येते, द्रावकांच्या यादीत ‘टीएचएफ’ येते आणि ग्लुकोजच्या धड्यात ‘पायरॅनोज’ येते. ही तिन्ही नावे एकाच कुटुंबातली आहेत, हे मात्र कोणी सांगत नाही.

शिक्षकांनी एक प्रयोग करून पाहावा. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे तीन अणूंचे वलय फळ्यावर काढावे आणि त्याचे नाव विचारावे. कोणी इथिलीन ऑक्साइड म्हणेल, कोणी एपॉक्सिएथेन. खासगी शिकवणीला जाणारा एखादा ऑक्सिरेन म्हणेल. नियम नीट समजलेला एखादा स्वतःच्या बुद्धीने ‘ऑक्सासायक्लोप्रोपेन’ असे नाव घडवील. ही चारही नावे रसायनशास्त्राच्या ग्रंथांत आढळतात आणि चारही नावांवरून एकच रेणू काढता येतो. तरीही उत्तरपत्रिका तपासणाऱ्यापुढे आदर्श उत्तराचा जो कागद असतो, त्यावर यांपैकी बहुधा एकच लिहिलेले असते. उरलेल्या तिघांचा गुण जातो. हा गुण का जातो आणि जावा का, हे ठरवण्यासाठी नामपद्धतीचीच उलटतपासणी करणे आम्हाला आवश्यक वाटते.

एक रेणू, चार दृष्टी

वरच्या चार नावांमध्ये खरा फरक उच्चाराचा नसून दृष्टीचा आहे. एकाच बाईला कोणी आत्या म्हणतो, कोणी मावशी, कोणी काकू. बाई तीच, नाते सांगणारा वेगळा. तसेच येथे आहे.

‘इथिलीन ऑक्साइड’ म्हणणारा माणूस हा रेणू कशापासून आला ते सांगतो. इथिलीनच्या दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसवला की हे संयुग होते, आणि आज कारखान्यांत ते खरोखरच चांदीच्या उत्प्रेरकावर इथिलीन आणि ऑक्सिजन यांपासून बनते. मात्र १८५९ मध्ये शार्ल आदोल्फ वुर्त्झ याने ते प्रथम तयार केले, तेव्हा त्याने २-क्लोरोएथेनॉलवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडची क्रिया केली होती.

‘एपॉक्सिएथेन’ म्हणणाऱ्याला एथेनची साखळी दिसते आणि त्या साखळीच्या दोन कार्बनांवर पूल टाकून बसलेला ऑक्सिजन दिसतो. ‘ऑक्सासायक्लोप्रोपेन’ म्हणणारा सायक्लोप्रोपेन डोळ्यापुढे आणतो आणि त्यातला एक कार्बन काढून त्या जागी ऑक्सिजन ठेवतो. ‘ऑक्सिरेन’ म्हणणारा मात्र कोणत्याही हायड्रोकार्बनची आठवण न काढता ऑक्सिजन असलेले, तीन अणूंचे, संपृक्त वलय एवढेच सांगतो.

कोणती दृष्टी घेतली यावर क्रमांकही बदलतात, आणि मुलांचा गोंधळ उडतो तो इथे. याच वलयाला एक मिथिल गट लावा. साखळीच्या दृष्टीने ते १,२-एपॉक्सिप्रोपेन झाले. वलयाच्या दृष्टीने २-मिथिलऑक्सिरेन. पहिल्या नावात क्रमांक फक्त कार्बनांना मिळतात, ऑक्सिजन मोजणीत नाही. दुसऱ्यात ऑक्सिजनचा क्रमांक १ असतो आणि मिथिलचा कार्बन मोजणीबाहेर शाखेत जातो. जो विद्यार्थी दोन पद्धती मिसळून ‘१-मिथिलऑक्सिरेन’ लिहितो, त्याने तो मिथिल गट ऑक्सिजनवर नेऊन बसवला आहे. त्याचे उत्तर खरोखर चुकलेले आहे. १,२-एपॉक्सिप्रोपेन लिहिणाऱ्याचे चुकलेले नाही. या दोघांना एकाच मापाने शून्य देणारी तपासणी रसायनशास्त्र तपासत नाही, असे आमचे मत आहे.

हँट्झ आणि विडमन यांची देणगी

ऑक्सिरेन हे नाव ज्या पद्धतीतून आले, तिचा पाया आर्थर हँट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये आणि स्वीडनच्या ओस्कार विडमन याने १८८८ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे घातला. म्हणजे १८९२ मध्ये जिनिव्हा येथे कार्बनी नामकरणाची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, त्याच्याही आधी. दोघांपुढे प्रश्न होता तो नायट्रोजन असलेल्या पाच आणि सहा अणूंच्या वलयांचा. ऑक्सिजनची वलये, तीन-चार किंवा सात ते दहा अणूंची वलये या घरात नंतर राहायला आली. हा इतिहास लक्षात ठेवावा, कारण घराच्या बांधणीत जे वाकडेपण दिसते त्याचे मूळ त्यात आहे.

पद्धत थोडक्यात अशी. आधी वलयातील परका अणू सांगायचा : ऑक्सिजनसाठी ‘ऑक्सा’, गंधकासाठी ‘थाया’, नायट्रोजनसाठी ‘अझा’. मग वलयात एकूण अणू किती ते सांगणारे मूळ आणि वलय संपृक्त की असंपृक्त ते सांगणारा शेवट. मुळांपैकी बरीचशी ग्रीक-लॅटिन संख्यांचे तुकडे आहेत. ‘ट्राय’ या शब्दातील अक्षरे उलटसुलट करून ‘इर’ (तीन), ‘टेट्रा’मधून ‘एट’ (चार), ‘हेप्टा’मधून ‘एप’ (सात), ‘ऑक्टा’मधून ‘ओक’ (आठ), ‘नोना’मधून ‘ओन’ (नऊ), ‘डेका’मधून ‘एक’ (दहा). दोन स्वर लागून आले की ‘ऑक्सा’तला शेवटचा ‘आ’ गळतो. म्हणून ऑक्सिरेन, ऑक्सेटेन, ऑक्सेपेन. येथवर पद्धत सुबक आहे आणि तीन अक्षरी तुकड्यात वलयाचा आकार सांगण्याची तिची काटकसर कौतुक करण्यासारखी आहे.

पण पाच आणि सहा या आकड्यांशी आलो की संख्या नाहीशा होतात. पाच अणूंच्या संपृक्त ऑक्सिजन वलयाला ‘ऑक्सोलेन’ म्हणतात आणि सहा अणूंच्या वलयाला नुसते ‘ऑक्सेन’. ‘पेंटा’ नाही, ‘हेक्सा’ नाही. कारण ही दोन वलये सर्वांत जुनी आणि सर्वांत परिचित. पायरोल, थायाझोल अशा नावांतला ‘ओल’ हा शेवट आधीपासून रूढ होता, तोच पाचाची खूण ठरला. मोठ्या वाड्यात जुन्या खोल्यांना नावे असतात आणि नंतर बांधलेल्या खोल्यांना क्रमांक असतात, त्यातला हा प्रकार.

आमची खरी तक्रार या ‘ऑक्सोलेन’बद्दल आहे. कार्बनी नामकरणात ‘ऑक्सा’, ‘ऑक्सो’ आणि ‘ऑक्सी’ यांचे अर्थ अगदी भिन्न आहेत. ‘ऑक्सा’ म्हणजे कार्बनच्या जागी आलेला ऑक्सिजन, ‘ऑक्सो’ म्हणजे दुहेरी बंधाने लटकलेला, कीटोनमधला ऑक्सिजन, आणि ‘ऑक्सी’ म्हणजे दोन भागांना सांधणारा. देवनागरीत हा सगळा भेद एका मात्रेवर तोललेला आहे. आता ‘ऑक्सोलेन’ हा शब्द मुलांपुढे ठेवा. ती तो ‘ऑक्सो’ अधिक ‘लेन’ असा फोडतात आणि रेणूत कीटोन शोधतात. काही जण मधला ‘ओल’ वेगळा काढतात आणि हायड्रॉक्सिल गट शोधतात, कारण कालच त्यांना शिकवले आहे की ‘ऑल’ म्हणजे अल्कोहोल. या रेणूत कीटोनही नाही आणि अल्कोहोलही नाही. आहे तो ईथर, आणि त्याचा नावात मागमूस नाही!

‘ऑक्सेटेन’चेही असेच. त्यात कान धरतो तो ‘एथेन’ हा आवाज, आणि मुले दोन कार्बन काढतात. प्रत्यक्षात ‘एट’ हा टेट्राचा तुकडा आहे. वलयात चार अणू, त्यांपैकी तीन कार्बन. याच संयुगाचे जुने नाव ट्रायमिथिलीन ऑक्साइड. एका नावात चार, दुसऱ्यात तीन, आणि रेणू एकच. पहिले नाव ऑक्सिजन धरून मोजते, दुसरे सोडून मोजते. हे स्पष्ट सांगितले नाही तर मुलाला वाटते की रसायनशास्त्रज्ञांना मोजता येत नाही.

सहा अणूंच्या असंपृक्त ऑक्सिजन वलयाची हकिकत तर गमतीची आहे. नियमाने त्याचे नाव ‘ऑक्सिन’ व्हायला हवे होते. परंतु ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन या दुसऱ्याच संयुगाने, धातूंच्या विश्लेषणात वापरले जाणारे एक अभिकर्मक म्हणून, ते नाव आधीच पटकावले होते. तेव्हा नियम बाजूला ठेवून ‘पायरॅन’ हे जुने नावच चालू ठेवावे लागले. पद्धतशीर म्हणवणाऱ्या पद्धतीला रूढीपुढे अशी मान तुकवावी लागते, हे वर्गात सांगण्यासारखे आहे.

माहेरचे नाव

टेट्राहायड्रोफ्युरॅन, म्हणजे टीएचएफ, हे या कुटुंबातले सर्वांत वापरातले संयुग. ६६ अंश सेल्सियसला उकळणारे, पाण्यात सहज मिसळणारे आणि अनेक बहुवारिके विरघळवणारे हे द्रावक. त्याच्या नावात ‘फ्युरॅन’ आहे, आणि फ्युरॅन आले फर्फ्युरालपासून. लॅटिन भाषेत ‘फर्फर’ म्हणजे कोंडा. दहावीच्या आवर्तसारणीच्या धड्यात त्रिकांमुळे भेटणारा डोबेरायनर, त्यानेच १८३२ मध्ये फर्फ्युरालचे वर्णन प्रसिद्ध केले. धान्याचा कोंडा, मक्याची कणसे सोलून उरलेली बुरकुंडे, ओटची टरफले, उसाची चिपाडे, ज्यात ज्यात पेंटोसॅन ही कर्बोदके आहेत, त्या सगळ्यांतून फर्फ्युराल मिळते. फ्युरॅन हे संयुग १८७० मध्ये हाइनरिख लिम्प्रिख्तने तयार केले, तेव्हा त्याने त्याला ‘टेट्राफिनॉल’ म्हटले होते. चार कार्बनांचे जणू छोटे फिनॉलच, अशी त्याची समजूत. ते नाव टिकले नाही, हे बरे झाले.

फ्युरॅनमध्ये चार हायड्रोजन अणू मिळवले की टीएचएफ. म्हणून टेट्राहायड्रोफ्युरॅन हे त्याचे माहेरचे नाव. १,४-एपॉक्सिब्युटेन, टेट्रामिथिलीन ऑक्साइड, ऑक्सासायक्लोपेंटेन आणि ऑक्सोलेन ही बाकीची. यातला ‘टेट्रा’ पाहा. माहेरच्या नावात तो हायड्रोजन मोजतो, टेट्रामिथिलीन ऑक्साइडमध्ये तो कार्बनचे गट मोजतो. एकाच संयुगाच्या दोन नावांत एकच संख्या आणि मोजलेली वस्तू वेगळी!

आणि १,४-एपॉक्सिब्युटेन या नावावरून आणखी एक गैरसमज दूर करता येतो. ‘एपॉक्सी’ हा उपसर्ग साखळीतल्या कोणत्याही दोन कार्बनांवर पूल टाकलेल्या ऑक्सिजनला लागतो. ‘एपॉक्साइड’ हा वर्ग मात्र फक्त तीन अणूंच्या वलयांचा. म्हणजे टीएचएफला एपॉक्सी नाव देता येते, पण ते एपॉक्साइड नव्हे. बाजारात दोन नळ्यांत मिळणारा एपॉक्सी गोंद सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या एका नळीतील रेणूंच्या टोकांना खरोखर तीन अणूंची वलये असतात. दुसऱ्या नळीतील अमीन मिसळले की ती वलये उघडतात आणि साखळ्या एकमेकींत गुंतून गोंद कडक होतो. कडक झालेल्या गोंदात ज्या वलयांवरून त्याचे नाव पडले ती जवळजवळ उरतच नाहीत.

ही तिघांची वलये उघडण्याची उत्सुकता आणि पाचांच्या वलयाचा शांतपणा यांचे कारण ताण हे आहे. तीन अणूंच्या वलयात बंधांमधले कोन ६० अंशांच्या आसपास दाबले जातात. ऑक्सिरेनमधील ताणऊर्जा मोलमागे सुमारे ११४ किलोज्यूल, ऑक्सोलेनमधील सुमारे २३. नावातल्या ‘इर’ आणि ‘ओल’ या तुकड्यांमागे एवढा फरक दडलेला आहे. वलयाचा आकार नावातून वाचता आला तर संयुग कसे वागेल याचा निम्मा अंदाज येतो. वलयी पद्धतीच्या बाजूने देण्यासारखा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि तिच्यावर टीका करताना तो लपवणे योग्य होणार नाही.

नाव चुकले तर काय बिघडते

हा सगळा शब्दच्छल आहे असे वाटणाऱ्यांसाठी अलीकडची दोन उदाहरणे देतो. सप्टेंबर २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याची सूचना बेल्जियमने युरोपीय संघाला दिली. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर येथील अधिकाऱ्यांनी भारतीय मसाल्यांच्या काही उत्पादनांत ते सापडल्याचे सांगून ती बाजारातून परत घ्यायला लावली. वर्तमानपत्रांतून हे नाव घरोघर पोहोचले आणि वर्गात प्रश्न आलेच असणार. या वेळी ‘इथिलीन ऑक्साइड’ या नावाने दोन प्रकारे दिशाभूल होते. केळी आणि आंबे पिकवण्यासाठी इथिलीन वायू वापरतात हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या मुलांना ठाऊक असते. तेव्हा हा त्याचाच भाऊ असावा, असे वाटते. शिवाय ‘ऑक्साइड’ म्हटले की मॅग्नेशियम ऑक्साइडसारखी, जळून शांत झालेली राख डोळ्यापुढे येते. प्रत्यक्षात हा ताणलेल्या वलयाचा, अतिशय क्रियाशील रेणू. तो सूक्ष्मजीवांच्या प्रथिनांना आणि डीएनएला चिकटतो, म्हणून निर्जंतुकीकरणाला उपयोगी पडतो, आणि त्याच कारणाने माणसालाही घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. ‘ऑक्सिरेन’ हे नाव माहीत असलेल्या मुलाला निदान वलय दिसते. ज्याला दोन्ही नावे माहीत आहेत, त्याला बातमीही कळते आणि रसायनही.

याच संदर्भात युरोपीय नियमात इथिलीन ऑक्साइडबरोबर २-क्लोरोएथेनॉलही मोजतात, ते का, हा प्रश्न बारावीच्या वर्गाला घालण्यासारखा आहे. पदार्थातील क्लोराइडने वलय उघडले की २-क्लोरोएथेनॉल होते. वुर्त्झने ज्या पदार्थापासून सुरुवात केली होती, तिथेच रेणू परत पोहोचला.

दुसरे उदाहरण देवनागरीच्या अडचणीचे आहे. १,४-डायॉक्सेन हे दोन ऑक्सिजन असलेले सहा अणूंचे संपृक्त वलय, एक द्रावक. शाम्पूसारख्या वस्तूंतील फेस आणणारे काही घटक इथिलीन ऑक्साइड वापरून बनवतात, त्यांत ते अल्प प्रमाणात उतरते. डायॉक्सिन म्हणून वर्तमानपत्रांत गाजलेले विष म्हणजे क्लोरीनयुक्त डायबेन्झोडायॉक्सिन. १९७६ मध्ये इटलीतील सेवेसो येथे पसरले ते आणि व्हिएतनाममध्ये फवारलेल्या तणनाशकात भेसळ म्हणून होते ते. दोन्ही नावांत अंतर एका वेलांटीचे. डायॉक्सेन निरुपद्रवी आहे असे नव्हे, पण दोघांच्या विषारीपणाची तुलनाच होऊ शकत नाही. संपृक्त वलयाचा शेवट ‘एन’ आणि असंपृक्ताचा ‘इन’, हा नियम ज्याला नीट उच्चारून शिकवला आहे तोच हा फरक धरू शकतो. ऑक्सिरेन, ऑक्सेन, डायॉक्सेन हे शब्द शिक्षकांनी फळ्यावर देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हींत लिहावेत, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आणि प्रयोगशाळेचे काय? ईथर हवेत आणि उजेडात फार दिवस राहिले तर त्यांत पेरॉक्साइड साचतात आणि ऊर्ध्वपातन करताना स्फोट होऊ शकतो, ही सूचना डायएथिल ईथरबद्दल सर्वांना असते. टीएचएफ आणि डायॉक्सेन यांनाही ती तितकीच लागू आहे. परंतु बाटलीवर ‘ऑक्सोलेन’ वाचणाऱ्या सहायकाला हे ईथर आहे हे कशावरून कळावे? ऑक्सिरेन, ऑक्सोलेन, ऑक्सेन, फ्युरॅन, पायरॅन यांपैकी एकाही नावात ईथर हा शब्द नाही. अल्कोहोलच्या नावात ‘ऑल’ असते, कीटोनच्या नावात ‘ओन’. ईथरसाठी नामपद्धतीने असा प्रत्ययच ठेवलेला नाही. उघड्या साखळीत निदान ‘ऑक्सी’ हा उपसर्ग इशारा देतो. वलयात ईथर सांगाड्याचाच भाग होतो आणि क्रियात्मक गट म्हणून त्याची ओळख पुसली जाते. या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष आमच्या मते हाच.

निळ्या पुस्तकाचा निवाडा

आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आययूपॅकने, कार्बनी नामकरणाच्या शिफारशींचा जो ग्रंथ २०१३ मध्ये काढला, त्याला निळे पुस्तक म्हणतात. दीड हजारांहून अधिक पानांच्या या ग्रंथात प्रत्येक रचनेसाठी एक ‘पसंतीचे नाव’ निवडण्याचा प्रयत्न आहे. आपल्या कुटुंबापुरते सांगायचे तर ऑक्सिरेन, ऑक्सोलेन, ऑक्सेन, १,४-डायॉक्सेन ही पसंतीची नावे. फ्युरॅन आणि पायरॅन ही रूढ नावे मात्र राखली आहेत. त्याचा परिणाम मजेशीर होतो. फ्युरॅनमध्ये दोन हायड्रोजन मिळवले तर ते डायहायड्रोफ्युरॅनच राहते. आणखी दोन मिळवले की एकदम ऑक्सोलेन होते. मुलगी एका पायरीवर माहेरचे नाव सांभाळते आणि पुढच्या पायरीवर तिचे संपूर्ण नावच बदलते. सूचीकारांना आणि कायद्याच्या मसुद्यांना एक संयुग–एक नाव ही शिस्त हवी असते, हे मान्य. पण वर्गात जे सातत्य दाखवायचे असते ते येथे तुटते.

तरीही निळ्या पुस्तकावर फार रागावण्याचे कारण नाही. ते स्वतःच सांगते की सर्वसाधारण वापरात, नाव निःसंदिग्ध असेल तर, इतर नावेही चालतील. टेट्राहायड्रोफ्युरॅनला त्यात स्पष्ट परवानगी आहे. ‘पसंतीचे’ या शब्दाचा ‘एकमेव बरोबर’ असा अर्थ आपल्या मार्गदर्शकांनी आणि प्रश्नसंचांनी लावला आहे. नियम करणाऱ्यांपेक्षा नियम पाठ करून घेणारे कडक निघावेत, हा आपल्याकडचा जुनाच अनुभव.

रसायनशास्त्रज्ञ स्वतः किती मोकळेपणाने वागतात ते चार्ल्स पेडरसन याच्या उदाहरणात दिसते. ड्यू पाँ कंपनीत काम करणाऱ्या पेडरसनने १९६७ मध्ये मोठी चक्रीय ईथर संयुगे प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकाचे नियमानुसार नाव २,३,११,१२-डायबेन्झो-१,४,७,१०,१३,१६-हेक्साऑक्सासायक्लोऑक्टाडेका-२,११-डाइन असे होते. दहाच्या पुढे अणू गेले की हँट्झ-विडमन यांची मुळे संपतात आणि पुन्हा ‘ऑक्सासायक्लो’कडे वळावे लागते, त्याचा हा परिणाम. पेडरसनने त्याला डायबेन्झो-१८-क्राउन-६ म्हटले : वलयात अठरा अणू, त्यांपैकी सहा ऑक्सिजन, आणि धातूच्या आयनाच्या डोक्यावर मुकुटासारखे बसणारे. नावात आकार आला, ऑक्सिजनची संख्या आली आणि रेणूचे कामही आले. १९८७ मध्ये क्रॅम आणि लेन यांच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि नाव जगभर रुळले ते मुकुटाचेच.

घरगुती उदाहरण हवे असेल तर निलगिरीचे तेल घ्या. त्याचा मुख्य घटक सिनिओल हेही चक्रीय ईथरच आहे. जुने नाव १,८-सिनिओल; वलयी नाव १,३,३-ट्रायमिथिल-२-ऑक्साबायसायक्लो[२.२.२]ऑक्टेन. जुन्या नावातले १ आणि ८ हे मेंथेन या सांगाड्याचे कार्बन, ज्यांच्यावर ऑक्सिजनचा पूल आहे. नव्या नावात ऑक्सिजनच २ क्रमांकावर जाऊन बसला. सर्दीत छातीला चोळणाऱ्या तेलाच्या दोन नावांची सांगड घालण्यात एक तास छान जातो. ग्लुकोजचेही असेच करता येईल. हॉवर्थने १९२०च्या दशकात साखरेच्या वलयांना पायरॅनोज आणि फ्युरॅनोज ही नावे दिली ती पायरॅन आणि फ्युरॅनवरून. वलयी पद्धतीने ग्लुकोजचे चक्रीय रूप म्हणजे ६-(हायड्रॉक्सिमिथिल)ऑक्सेन-२,३,४,५-टेट्रॉल. या नावात ऑक्सेन ओळखू आला, की साखरेच्या वलयातला ऑक्सिजन कुठून आला हे वेगळे पाठ करावे लागत नाही. (पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट त्या ऑक्सिजनशेजारीच असल्याने तो नुसता ईथर राहत नाही, हेमिअॅसिटल होतो, हे मात्र सांगायला विसरू नये.)

परीक्षकांकडे आमचे मागणे साधे आहे. ‘खालील संयुगाचे आययूपॅक नाव लिहा’ या प्रश्नात ज्या नावावरून तीच आणि फक्त तीच रचना काढता येते, त्या प्रत्येक नावाला गुण द्यावा. पसंतीचेच नाव हवे असेल तर प्रश्नात तसे म्हणावे. त्याहून बरे, प्रश्न उलटा करावा. नावे द्यावीत आणि रचना काढायला सांगावी, किंवा दोन नावे एकाच रेणूची आहेत का ते विचारावे. ऑक्सेटेन आणि १,३-एपॉक्सिप्रोपेन? एकच. ऑक्सेन आणि टेट्राहायड्रोफ्युरॅन? नाही, एक अणू कमी पडतो. १-क्लोरो-२,३-एपॉक्सिप्रोपेन आणि २-(क्लोरोमिथिल)ऑक्सिरेन? एकच, आणि वर सांगितलेल्या गोंदाच्या पहिल्या नळीतील रेझिन ज्या एपिक्लोरोहायड्रिनपासून बनते, ते हेच. हा शेवटचा प्रश्न मुलांना सोडवायला देताना दोन्ही नावांतल्या प्रत्येक आकड्याखाली तो आकडा कोणत्या अणूचा आहे ते लिहायला लावावे. क्लोरीन एका नावात १ वर का आणि दुसऱ्यात त्याला क्रमांकच का नाही, याचे उत्तर जो विद्यार्थी आपल्या शब्दांत लिहील, त्याला आम्ही पूर्ण गुण देऊ.